घड्याळ, टॅग, लॉकेट की डीव्हीआर? माणूस हरवल्यावर ठाणे-नवी मुंबईत काय कामाला येतं

ठाण्याच्या गोखले रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये मोबाइलच्या कुठल्याही बऱ्या दुकानात "आजोबांसाठी जीपीएस घड्याळ आहे का?" असं विचारा, दोन मिनिटांत तीन-चार डबे काउंटरवर येतात. डब्यावर उपग्रहाचं चित्र, आत एक आखूड केबल आणि वाचता न येणाऱ्या बारीक अक्षरातलं माहितीपत्रक. स्मृतिभ्रंश झालेले आई-वडील, स्वमग्न मूल किंवा वाट चुकणारं कुणीही घरात असलं की ही खरेदी धास्तीपोटी होते, आणि दुकानदाराला ते बरोबर कळतं. म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. ठाणे स्टेशनच्या गर्दीत शिरलेला माणूस परत मिळवून द्यायला काय उपयोगी पडतं, या एकाच कसोटीवर गळ्यातलं लॉकेट पहिलं, खिशात आधीच असलेला मोबाइल दुसरा, टॅग तिसरा आणि सगळ्यात महाग असलेलं घड्याळ चौथं. सोसायटीचा डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डबा, कुणी यासाठी विकत घेत नाही, पण शोध सुरू झाल्यावर तोच सगळ्यांच्या पुढे जातो.

आधी घड्याळ, कारण पैसे तिथेच जातात. साधारण तीन ते सात हजारांत ४जी घड्याळ मिळतं. ते उपग्रहांवरून आपली जागा काढतं, पण ती घरच्यांना कळवायला त्याला सिम, डेटा आणि नेटवर्क तिन्ही लागतात. एक जरी नसलं तरी मनगटावर वेळ दाखवणारी वस्तू उरते. पहिला घोळ इथेच होतो. दोन हजारांच्या आत मिळणारी बरीचशी घड्याळं अजून २जी आहेत, आणि जिओचं २जी नेटवर्कच नाही. घरात सगळे जिओवर म्हणून त्यातही जिओचंच सिम घातलं की घड्याळ पहिल्या दिवसापासून मुकं. ४जी असलं तरी बँड, म्हणजे ते कुठल्या लहरींवर चालतं ते, विचारा. जिओ आपलं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालवतं. परदेशी बाजारासाठी बनलेल्या मालात बँड ५ नसेल तर इमारतींच्या आत, जिन्यात, तळमजल्यावर सिग्नल गळतो, कारण भिंतीतून आत शिरणारा तोच बँड असतो.

दुसरा घोळ रिचार्जचा. २०२५ च्या सुरुवातीपासून कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक बाजारात आणले. आजोबांच्या घड्याळाला नेट कशाला, म्हणून कुणीतरी तोच पॅक मारतं. कॉल लागतो, त्यामुळे घड्याळ व्यवस्थित चालू आहे असाच घरात समज. नकाशावरचा ठिपका मात्र डेटा संपला त्या दिवसापासून जागचा हललेला नसतो. ठिपक्याखाली बारीक अक्षरांत शेवटची वेळ दिलेली असते, ती वाचायची सवय घरातल्या एकाला तरी हवी.

तिसरा, बॅटरीचा. यातल्या बहुतेकांची बॅटरी ४०० ते ८०० एमएएच, म्हणजे नेहमीच्या स्मार्टफोनच्या सहाव्या ते बाराव्या हिश्शाएवढी. दर मिनिटाला जागा कळवायला लावलं तर सकाळी मनगटावर चढवलेलं घड्याळ संध्याकाळपर्यंत टिकत नाही. दर तासाला कळवायला लावलं तर दिवस निघतो, पण तासाभरात माणूस ठाण्याहून पनवेलला पोहोचलेला असतो. मधला मार्ग म्हणजे एरवी दहा मिनिटं आणि हरवल्याचं लक्षात येताच ॲपमधून एक मिनिट. हा बदल घड्याळापर्यंत पोहोचायला ते नेटवर्कमध्ये असावं लागतं, म्हणून पहिल्या पाच मिनिटांतच करायचा.

आता अचूकपणाबद्दल. चांगल्या ॲपमध्ये प्रत्येक ठिपक्याशेजारी तो कशावरून काढला हे लिहिलेलं असतं: जीपीएस, वाय-फाय किंवा एलबीएस. मोकळ्या आकाशाखाली, म्हणजे तलावपाळीच्या कट्ट्यावर किंवा पाम बीच रोडला, जीपीएसचा ठिपका दहा-पंधरा मीटरच्या आत बसतो. ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली, मॉलमध्ये, घोडबंदर रोडच्या टॉवरांच्या घळीत तो शंभर-दोनशे मीटर सहज भरकटतो, कारण सिग्नल भिंतींवर आपटून येतो. एलबीएस म्हणजे नुसता मोबाइल टॉवरचा अंदाज. चूक अर्ध्या किलोमीटरपासून दोन किलोमीटरपर्यंत. खाडीकाठी त्याची आणखी एक गंमत होते. पाण्यावरून सिग्नल लांब जातो, त्यामुळे ऐरोलीत असलेलं यंत्र कधी पलीकडच्या मुलुंड-भांडुपच्या टॉवरला चिकटतं आणि घरचे पूल ओलांडून भलत्याच शहरात शोधत बसतात. एलबीएसचा एकटा ठिपका बघून गाडी काढू नका. लागोपाठ दोन-तीन ठिपके एका दिशेला जाताना दिसले तरच निघा.

याच भरकटण्यामुळे घराभोवतीचं कुंपण, म्हणजे माणूस ठरावीक परिघाबाहेर गेला की येणारी सूचना, बहुतेक घरांत आठवड्याभरात बंद पडते. शंभर मीटरचा परीघ ठेवला की आजी सोफ्यावर बसल्या बसल्या दिवसातून पाच वेळा 'घराबाहेर' जातात. परीघ तीनशे मीटरच्या खाली नको.

घड्याळ घ्यायचंच असेल तर दुकानातच सिम घालून बाहेर रस्त्यावर या आणि चार गोष्टी करून बघा. ठिपका जीपीएसचा पडतो का. एसओएस बटण दाबल्यावर आधी भरून ठेवलेल्या नंबरांना ओळीने कॉल जातो का. सिम काढलं किंवा घड्याळ बंद केलं तर ॲपला सूचना येते का. पट्टा एका हाताने सुटतो का. सुटत असेल तर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी ते घड्याळ नाही, कारण नको असलेली वस्तू तो पहिल्यांदा काढून ठेवतो. घरी आल्यावर पासवर्ड बदला. या प्रकारच्या स्वस्त उपकरणांचा कारखान्यातून येणारा पासवर्ड बऱ्याचदा १२३४५६ असतो, आणि २०१९ मध्ये एका सुरक्षा कंपनीने असे लाखो ट्रॅकर उघड्यावर पडलेले शोधून काढले होते. तुमच्या मुलाची जागा तुमच्याआधी दुसऱ्याला दिसू शकते, हे डब्यावर कुणी छापत नाही.

शाळा-क्लासला जाणाऱ्या मुलासाठी घड्याळ ठीक. ज्येष्ठांसाठी, रोज रात्री ते चार्जिंगला लावणारा आणि सकाळी मनगटावर चढवणारा माणूस घरात असेल तरच.

टॅगची गोष्ट वेगळी. ॲपलचा एअरटॅग किंवा जिओटॅग गोसारखा गूगलच्या नेटवर्कवर चालणारा टॅग, यांत जीपीएस नाही आणि सिमही नाही. आत एक ब्लूटूथ चिप आणि सीआर २०३२ नाणेबॅटरी, जी साधारण वर्षभर चालते. टॅगजवळून जाणाऱ्या परक्या माणसाचा फोन गुपचूप त्याची जागा कळवतो, आणि ती तुम्हाला दिसते. म्हणजे जितकी गर्दी तितका टॅग हुशार. लोकलच्या डब्यात, वाशीच्या डेपोत, जांभळी नाक्यावर तो मिनिटामिनिटाला बोलतो. येऊरच्या जंगलातल्या पायवाटेवर चढला की गप्प. ॲपलचा टॅग आयफोनवाल्यांच्या जिवावर चालतो, गूगलचा अँड्रॉइडवाल्यांच्या. आपल्याकडे अँड्रॉइडच जास्त, म्हणून गूगलचा टॅग बरा, असं वाटणं साहजिक आहे. पण अँड्रॉइड फोनचं मूळ सेटिंग 'फक्त गर्दीच्या ठिकाणी' असं असतं आणि एका जागी अनेक फोनांना टॅग दिसला तरच ते जागा सांगतं. रात्री अकरानंतर कासारवडवलीच्या आतल्या गल्लीत हा फरक जाणवतो. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, वॉचमननी आपापल्या फोनमध्ये 'फाइंड हब'च्या ऑफलाइन सेटिंगमध्ये 'सर्व ठिकाणी' निवडलं तर निदान आपल्या आळीत तरी टॅग बोलका राहतो.

टॅगचा रेल्वेत फार उपयोग होतो. ठाण्यानंतर पुढचा ठिपका कळव्याला पडला तर माणूस कल्याणच्या दिशेला, मुलुंडला पडला तर मुंबईकडे, दिघा गाव किंवा ऐरोलीला पडला तर ठाण्याहून वाशी-पनवेलला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गावर. तुर्भ्यानंतर पुन्हा फाटा: सानपाडा म्हणजे वाशी, जुईनगर म्हणजे नेरूळ-पनवेल. ठिपक्याच्या मागे धावायचं नसतं, पुढच्या स्टेशनावर कुणाला तरी उभं करायचं असतं.

त्रासाच्या जागा तीन. टॅग चोरून पाठलाग करायला वापरला जाऊ नये म्हणून मालकापासून दूर राहिला की तो काही तासांनी हलवल्यावर किणकिणतो, आणि ज्याच्याकडे तो आहे त्याच्या फोनवर 'अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत आहे' असा इशारा येतो. बाबांकडे स्वतःचा स्मार्टफोन असेल तर ते घाबरून टॅग फेकून देतील. दोघेही ॲपलवर असतील तर फॅमिली शेअरिंगमधून हा इशारा बंद करता येतो. दुसरं, लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सीआर २०३२ बॅटऱ्यांना कडू लेप असतो आणि असा लेप असलेली बॅटरी एअरटॅगमध्ये चालेलच असं नाही. बदलल्यावर टॅग ॲपमध्ये दिसतो का ते लगेच बघा. तिसरं, टॅग किल्लीच्या जुडग्यात लावू नका. हरवणारा माणूस किल्ली घेऊन निघत नाही. बनियनच्या आतल्या बाजूला शिवलेला कापडी खिसा किंवा रोजच्या चपलेच्या पट्ट्यात बसणारं कव्हर, हे त्याचं घर.

आणि हो, धडधाकट प्रौढ माणसाच्या बॅगेत त्याला न सांगता टॅग टाकणं म्हणजे काळजी नव्हे, पाळत. तसल्या पाळतीची बाजू इथे कुणी घेणार नाही.

लॉकेटकडे लोक हलक्यात बघतात. चार-पाचशे रुपयांची स्टीलची चकती, ना ॲप ना चार्जिंग. पण गर्दीच्या शहरात हरवलेल्या माणसापर्यंत सगळ्यात आधी कोण पोहोचतं? टीसी, रिक्षावाला, चहावाला, मंदिराबाहेरची फुलवाली. त्यांच्या हातात तुमचं ॲप नसतं. चकतीवरचा नंबर असतो. म्हणून गुण सगळ्यात जास्त हिला. मुंबईत 'प्रोजेक्ट चेतना' या उपक्रमाने क्यूआर कोडची लॉकेटं वाटली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये वरळीहून हरवलेला १२ वर्षांचा मतिमंद मुलगा कुलाब्यात अशाच लॉकेटमुळे काही तासांत घरच्यांना मिळाला.

क्यूआर लॉकेट घेताना एकच प्रश्न विचारा: कोड स्कॅन केल्यावर काय उघडतं? कंपनीच्या वेबसाइटचं पान उघडत असेल तर वर्षाची फी थकली किंवा कंपनी गुंडाळली की लॉकेट मेलं. यापेक्षा कोडच्या आतच थेट फोन नंबर भरलेला बरा; त्याला इंटरनेटही लागत नाही. असा कोड मोबाइलवरच फुकट बनवता येतो. बनवताना दुरुस्तीची पातळी 'एच' निवडा, म्हणजे ओरखडे पडून कोडचा ३० टक्क्यांपर्यंत भाग गेला तरी वाचता येतो. कोड दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, आणि चकचकीत किंवा गोलसर पत्र्यावर नको; उन्हात त्यावर फक्त चकाकी दिसते. छापील स्टिकर घाम आणि साबणाने दोन महिन्यांत उडतो, लेझरने कोरलेला टिकतो.

तरीही मागच्या बाजूला उघड्या डोळ्यांना दिसेल असं कोरलेलं हवंच: "मला विसरायला होतं, कृपया फोन करा" आणि दोन नंबर. भाषा मराठी आणि हिंदी, आकडे इंग्रजी. दुसरा नंबर त्याच घरातला नको, कारण शोधाशोधीत घरातले सगळेच फोन व्यग्र असतात. मुलगी पुण्याला असेल तर तिचा द्या. घरचा पत्ता आणि आधार क्रमांक मात्र कोरू नका. साखळी ओढली तर सुटेल अशी घ्या. गळ्यात अडकून इजा व्हायला नको. साखळी सहन न करणाऱ्या मुलासाठी हाच मजकूर कॉलरच्या आत कापडी पट्टीवर शिवता येतो.

मोबाइल जवळ असेल तर निम्मं काम झालेलं असतं, पण नेमकं इथेच घरचे गोंधळात तीन घातक गोष्टी करतात. पहिली, सिम हरवल्याचं सांगून डुप्लिकेट काढणं. नवं सिम सुरू झालं की जुनं बंद पडतं आणि त्या माणसाशी असलेला एकुलता एक धागा आपणच तोडतो. दुसरी, 'संचार साथी'वर आयएमईआय ब्लॉक करणं. ती सोय चोरीच्या फोनसाठी आहे. ब्लॉक झालेला फोन नेटवर्कवर चालतच नाही. तिसरी, चाळीस नातेवाइकांनी एकाच वेळी फोन लावणं. रिंग वाजत राहते, स्क्रीन पेटत राहते, आणि उरलेली १५ टक्के बॅटरी नाशिकच्या मावशीच्या चौकशीत जाते. एकच माणूस ठरवा, त्याने दर दहा मिनिटांनी लावायचा. कुणी परक्याने उचलला तर फोन तिथल्याच दुकानदाराकडे किंवा पोलिसाकडे द्यायला सांगायचा.

त्याऐवजी करायच्या गोष्टी अशा. त्या नंबरचा रिचार्ज संपत आला असेल तर ताबडतोब डेटासह मारा. अँड्रॉइड असेल तर त्यांच्या गूगल खात्याने 'फाइंड हब' उघडा आणि फोन सुरक्षित किंवा लॉक करण्याच्या पर्यायात लॉक स्क्रीनवर दिसणारा निरोप आणि तुमचा नंबर टाका. फोन ज्याच्या हाती पडेल त्याला कोड न उघडता तो वाचता येतो. 'डेटा मिटवा' ला हात लावू नका, त्यानंतर जागा दिसायची थांबते. गूगल मॅप्सची जुनी टाइमलाइन पूर्वी कुठल्याही संगणकावर उघडायची; आता ती फोनमध्येच साठते, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नका.

हे सगळं आधीच लावून ठेवलेलं असेल तर उत्तम. मॅप्समध्ये प्रोफाइलच्या फोटोवर, मग 'लोकेशन शेअरिंग', मग नाव निवडून 'तुम्ही बंद करेपर्यंत'. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त आठ तासांचं, ते रोजच्यासाठी नाही. चिनी बनावटीच्या फोनांत बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मॅप्सला पडद्यामागे झोपवलं जातं. सेटिंगमध्ये मॅप्सच्या बॅटरीला 'अनिर्बंध' करा, नाहीतर ठिपका तीन तास जुनाच राहतो. आयएमईआय आज *#०६# दाबून लिहून ठेवा. पोलीस तो विचारतात तेव्हा फोनचा खोका माळ्यावर असतो.

आता डीव्हीआर. शोधातलं हे खरं यंत्र, पण यातलं चित्रण काही दिवसांतच आपोआप पुसलं जातं. हिशोब साधा आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसने चोवीस तास रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला सुमारे २१ ते २२ जीबी खातो. आठ कॅमेऱ्यांचे झाले १७३ जीबी. सोसायटीने काटकसर करून १ टीबीची डिस्क बसवली असेल तर साडेपाच दिवसांनी जुनं पुसून त्यावर नवं चढतं. एच.२६५ या जास्त दाबून साठवणाऱ्या पद्धतीचं रेकॉर्डिंग असेल तर त्याच्या दुप्पट. कोपऱ्यावरच्या दुकानात ५०० जीबीची डिस्क असते, तिथे तीन-चार दिवसच. 'मिसिंग' दाखल करून पोलिसांच्या पत्राची वाट बघण्यात आठवडा गेला तर बघायला काही उरलेलं नसतं. सेक्रेटरी किंवा दुकानदार स्वखुशीने फुटेज दाखवू शकतो, जपून ठेवू शकतो. चौकातले सरकारी कॅमेरे आणि रेल्वेचे मात्र फक्त पोलिसांमार्फत.

डीव्हीआरपुढे बसल्यावर पहिलं काम: पडद्यावरची वेळ आणि मोबाइलवरची वेळ शेजारी धरून फोटो काढा. डीव्हीआरची घड्याळं सर्रास पाच-दहा मिनिटं मागेपुढे असतात. प्रत्येक कॅमेऱ्याचा फरक लिहिला नाही तर एका फुटेजवरून दुसऱ्यावर जाताना माणूस अदृश्य होतो. लाइट जाऊन येणाऱ्या ठिकाणी आतली छोटी बॅटरी मेलेली असेल तर घड्याळ थेट १ जानेवारी २००० ला जातं. कालचं फुटेज 'सापडत नाही' म्हणतात ते बऱ्याचदा त्या तारखेखाली पडलेलं असतं.

दुसरं काम, दिशा. वयस्क माणूस ताशी तीन किलोमीटर धरला तर मिनिटाला पन्नास मीटर. लिफ्टच्या कॅमेऱ्यात १०.१२ ला दिसला आणि गेट शंभर मीटरवर आहे, तर गेटचं फुटेज १०.१४ पासून बघा. गेटवर डावीकडे वळला की उजवीकडे, एवढंच टिपा आणि पुढच्या दुकानात जा. असे चार-पाच कॅमेरे जोडत रिक्षा स्टँड, बस थांबा किंवा स्टेशनचा जिना आला की थांबा आणि हा सगळा माग पोलिसांना द्या. ठाणे स्टेशनात फलाट ९-१० कडे वळला एवढं जरी कळलं तरी शोध ट्रान्स-हार्बरपुरता उरतो; अर्ध्या तासात माणूस वाशीत असतो.

रात्रीच्या फुटेजमध्ये सगळ्यात मोठी फसगत रंगांची. अंधारात कॅमेरा इन्फ्रारेडवर जातो आणि चित्र काळंपांढरं होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या प्रकाशात काळ्या रंगाचं सिंथेटिक कापड बऱ्याचदा फिकट, जवळपास पांढरं दिसतं. तिथे रंग डोळ्यांना दिसतो तसा उरत नाही. काळी पँट घातलेला माणूस शोधणारे घरचे त्याच्यावरून दोनदा पुढे जातात. रात्री रंग विसरा. चाल बघा, खांद्याचा कल बघा, पिशवी कुठल्या हातात आहे ते बघा. म्हणूनच हे फुटेज घरातल्याच माणसाने बघावं. आईची पाय ओढत चालण्याची पद्धत हवालदाराला कळणार नाही, मुलीला क्षणात कळते.

फुटेज घेताना पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, बऱ्याच डीव्हीआरना दुसरा वाचता येत नाही. मूळ फाइल आणि एमपी४ दोन्ही घ्या. मूळ फाइल मोबाइलवर उघडणार नाही, पण पुढे न्यायालयात लागली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र तिच्यासोबत जोडता येतं. आणि सोसायटीच्या कमिटीला एक विनंती: ॲडमिन पासवर्ड फक्त कॅमेरे बसवणाऱ्याकडे ठेवू नका. रविवारी दुपारी तो फोन उचलत नाही.

पोलिसांकडे चोवीस तास थांबून जायचं असतं, हा समज अजून गेलेला नाही. असा नियम नाही. ११२ ला फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. हरवलेलं मूल १८ च्या आतलं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर अपहरणाचा गुन्हा नोंदवून तपास व्हायला हवा. आता ते कलम भारतीय न्याय संहितेतलं १३७. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर 'शून्य क्रमांकाने नोंदवा', म्हणजे हद्द कुणाचीही असो, नोंद इथेच घ्या, असं ठामपणे सांगा. मुलांसाठी १०९८, रेल्वेसाठी १३९, ज्येष्ठांसाठी १४५६७.

हद्दीचा प्रश्न आपल्याकडे खरोखर अवघड आहे. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी आयुक्तालयं, ऐरोली पूल ओलांडला की मुंबई पोलीस, आणि स्टेशनाच्या आवारात पाऊल टाकलं की लोहमार्ग पोलीस. नोंद एका ठिकाणी होते, संगणकावर ती सगळ्यांना दिसू शकते, पण फलाटावरचा शिपाई संगणक बघत नसतो. नोंदीचा नंबर आणि फोटो घेऊन ठाणे आणि वाशीच्या लोहमार्ग पोलिसांकडे स्वतः जा. टॉवर लोकेशन आणि सीडीआर, म्हणजे कॉलची नोंद, फक्त पोलीसच मागवू शकतात आणि त्यालाही वरिष्ठांची मंजुरी लागते, म्हणून ती विनंती पहिल्याच अर्जात लेखी घाला.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर हरवलेल्या व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह दोन्ही शोधता येतात. पोर्टल म्हणून ते जेमतेम उत्तीर्ण. नावाने शोधू नका. जोशीचं स्पेलिंग चार प्रकारे होतं आणि सापडलेल्या माणसाला नाव सांगता आलं नसेल तर ते 'अनोळखी' असंच असतं. जिल्हा, तारखांचा पट्टा आणि लिंग टाकून यादी काढा, फोटो एकेक बघा. हरवल्याच्या तारखेच्या पुढे निदान महिनाभर, आणि ठाण्यासोबत मुंबई, रायगड, पालघरही. रुग्णालयांसाठी पोर्टलवर विसंबू नका. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय, ठाण्याचं मनोरुग्णालय इथे जाऊन 'अनोळखी रुग्ण' असंच विचारा. पनवेलचा सील आश्रम आणि कर्जतचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र इथे रस्त्यावर सापडलेल्यांना आणलं जातं. फलाटावर उतरलेल्या पळून आलेल्या मुलांसाठी ठाण्याच्या समतोल फाउंडेशनलाही कळवा.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेबद्दल बातम्या फार, भरवसा बेताचा ठेवा. २०१९ मध्ये दिल्ली पोलिसांच्या अशा यंत्रणेची अचूकता एक टक्काही नसल्याचं केंद्र सरकारनेच दिल्ली उच्च न्यायालयात सांगितलं होतं. तंत्र तेव्हापासून सुधारलंय, पण वरून घेतलेलं, टोपी घातलेलं, अर्धवट उजेडातलं तोंड आजही अवघडच. आधारचा उपयोग वेगळ्याच वाटेने होतो. आश्रमात आलेल्या अनोळखी मुलाचं नवं आधार काढायला नेलं की बोटांचे ठसे आधीच नोंदलेले असल्याने अर्ज फेटाळला जातो, आणि तिथून जुन्या नोंदीचा, घराचा माग लागतो. नागपूरच्या मानकापूर आधार केंद्रातून अशी बरीच मुलं घरी गेली आहेत. म्हणजे आज ज्या मुलाचे ठसे आधारमध्ये अद्ययावत नाहीत, त्याचे करून घ्या. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ते बदलावेच लागतात.

ड्रोनवाले फोन करतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. मुंबई आणि नवी मुंबई अशा दोन विमानतळांमुळे परवानगीचा घोळ मोठा, आणि येऊरच्या दाट झाडीतून थर्मल कॅमेऱ्याला खालचं दिसत नाही. दुपारी तर तापलेला कातळ आणि माणूस सारखेच उजळतात.

शेवटचं साधन, पोस्टर. वर मोठ्या अक्षरात तारीख, कारण व्हॉट्सॲपवर पोस्टर वर्षानुवर्षं फिरतं. एक चेहऱ्याचा आणि एक पूर्ण उंचीचा फोटो, दोन्ही अलीकडचे. अस्पष्ट फोटो एआयने 'सुधारून' टाकू नका. ते यंत्र नसलेला चेहरा रचून देतं आणि लोक भलत्याच माणसाला शोधतात. उंची, कपडे, बोलतो ती भाषा, ओळखीची एक खूण, पोलीस ठाण्याचं नाव आणि नोंदीचा नंबर. एक खूण मात्र मुद्दाम छापू नका. "तुमचा मुलगा आमच्याकडे आहे, पाच हजार यूपीआय करा" असे फोन येतातच. त्यांना ती खूण विचारली की फोन कटतो. घरचा पत्ता नको, आणि नंबर रोजचा नको, नवीन सिमचा द्या.

माणूस मिळाल्यावर ज्या ज्या पोलीस ठाण्यात कळवलं होतं तिथे जाऊन नोंद बंद करून घ्या, आणि त्याच पोस्टरवर 'सापडले' असा आडवा शिक्का मारून ते त्याच गटांत पुन्हा टाका. मूल असेल तर नाव-फोटो सगळीकडून काढायला सांगा. पोस्टरवरचं सिम निदान सहा महिने चालू ठेवा आणि फोन उचलत राहा, कारण जुनं पोस्टर बघून कुणीतरी भिवंडीहून दुसऱ्याच कुणा हरवलेल्या म्हाताऱ्याबद्दल फोन करत असतं, आणि तो निरोप जवळच्या पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचवायला त्या क्षणी तुमच्याशिवाय कुणी नसतं.